कुत्र्यासह नदीकाठी मुक्काम

श्रोतेहो, सहलीची गोष्ट निघाली की पूर्वी घरात दोनच प्रश्न असत. डबा काय न्यायचा, आणि मागे घरी कोण राहणार. हल्ली पुष्कळ घरांत तिसरा एक प्रश्न ऐकू येतो. कुत्र्याचे काय करायचे? शेजाऱ्याकडे ठेवावे तर ते रात्रभर रडते आणि शेजारीही रडकुंडीला येतो. शहरात कुत्री सांभाळणारी वसतिगृहे निघाली आहेत, पण त्यांचा दर ऐकला की आपणच घरी राहिलेले बरे असे वाटते. मुलांना विचाराल तर कुत्र्यावाचून सहल ही त्यांच्या लेखी सहलच नव्हे. मग त्याला बरोबर न्यायचे ठरते, आणि न्यायचे तर कुठे, इथे घोडे अडते.

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल, हे शहरी मंडळींचे चोचले. आम्हांला त्याचे काय? पण ही मंडळी तंबू घेऊन येतात ती तुमच्याच नदीवर. काठ तुमचा, पाणवठा तुमचा, आणि रात्री काही विपरीत घडले तर दोर आणि कंदील घेऊन धावणारी माणसेही तुमच्याच गावची. शिक्षक बंधुभगिनींचा संबंध तर उघडच आहे. बालवीरांचे पथक असो की शाळेची एका रात्रीची सहल असो, मुलांना नदीकाठी उतरवायचे म्हणजे जागेची पारख हवीच. तेव्हा आज या पारखीविषयी बोलू. कुत्रा हे निमित्त समजा. पण निमित्त चांगले आहे, कारण कुत्र्याची सोय नीट पाहणारा माणूस बहुधा पोरांचीही सोय नीट पाहतो.

मी शीळफाट्याच्या परिसरात राहतो, म्हणून उदाहरणे त्याच बाजूची घेतो. शीळफाटा हा रस्त्यांचा चव्हाटा. एक वाट मुंब्र्याकडून येते ती तशीच पुढे पनवेलला जाते, एक महाप्याला उतरते आणि एक कल्याणकडे निघते. रात्री दोन वाजता उठून खिडकीत उभे राहिलात तरी मालमोटारींची रांग दिसावी, असे हे ठिकाण. येथल्या माणसाला निवांतपणा ही चैन वाटत नाही, औषध वाटते. आणि नकाशा उघडला की जवळच निळी रेघ दिसते. ती देसाई खाडी. पुष्कळांना वाटते, पाणी हाकेच्या अंतरावर आहे, मग लांब जायचे कशाला?

तर पहिली गोष्ट हीच, की खाडी म्हणजे नदी नव्हे. खाडीच्या काठाला चिखल असतो, तिवरे असतात, आणि पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते. ओहोटीला जिथे कोरडी जागा दिसली तिथेच भरतीला कमरेइतके पाणी असते. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांचा एक साधा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या आसपास येते, आणि त्या दिवसांचे उधाण मोठे असते. हा हिशेब मुलांना जरूर शिकवावा. गणित आणि भूगोल एकदमच होतात. पण मुक्कामासाठी खाडीकाठ नको. चिखलात रुतलेले कुत्रे बाहेर काढणे हे काम सोपे नसते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या शुद्धतेची. शीळफाट्यावरून पनवेलकडे निघालात की तळोज्याची औद्योगिक वसाहत लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये तेथे चक्क निळी कुत्री हिंडताना दिसू लागली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली तेव्हा पुष्कळांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. एका कारखान्यातून बाहेर पडलेला रंग त्या बिचाऱ्यांच्या अंगाला लागला होता, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्या कारखान्याच्या बंदीचा हुकूम काढावा लागला. याच वसाहतीलगत कासाडी नदी वाहते. कल्याणच्या अंगाला वालधुनीचीही तीच कथा. अंबरनाथच्या ज्या प्राचीन शिवमंदिरावर १०६० सालचा शिलालेख आहे, त्या मंदिराच्या पायाशी ही नदी वाहते. तिच्या पाण्याने एके काळी अभिषेक होत असतील. आज कारखान्यांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने तिची गटार झाली आहे. माणूस अशा पाण्याजवळ गेला तर नाकाला रुमाल लावतो. कुत्रा मात्र उडी मारतो, आणि बाहेर येऊन अंग चाटतो. अंगाला लागलेले सगळे त्याच्या पोटात जाते.

म्हणून नियम असा धरावा, की शहराच्या आणि कारखान्यांच्या वरच्या अंगाला जायचे. नदी ज्या बाजूने येते त्या बाजूला. आपल्याकडे ही बाजू सह्याद्रीची. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असे करीत कल्याणला येते, तिथून पुढे खाडी होते. कल्याणजवळ मोहने भागात तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला अनेकांनी पाहिला असेल. गालिचा दिसायला सुंदर, पण ती सांडपाण्याची खूण आहे. जसजसे वर जावे तसतशी नदी बदलते. बदलापूरच्या वर गोटे दिसू लागतात, कर्जतच्या पुढे तळ दिसतो. शीळफाट्याहून कटई नाक्यावर वळून नेवाळी, बदलापूर, वांगणी, नेरळ या वाटेने निघाले की नदी बराच वेळ सोबतीला असते. दुसरी वाट कल्याणवरून मुरबाडकडे. तिकडे काळू नदी आहे. तिसरी वाट शहापूर तालुक्यातल्या भातसाकडे.

आता जरा थांबून एका महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. आपल्या या भागातल्या नद्या दिसतात तशा नाहीत. उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटून डबकी होतात, पण उल्हास वाहत असते. का? कारण तिच्यात घाटमाथ्यावरचे पाणी येते. मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. तेथले पाणी डोंगरातून खाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात सोडतात. टाटांचे हे केंद्र १९२२ साली सुरू झाले. चक्रे फिरवून झाली की ते पाणी पेज नदीत येते आणि पुढे उल्हासला मिळते. त्याच पाण्यावर कर्जत तालुक्यात राजनाल्याखाली उन्हाळी भात पिकते, आणि खालच्या शहरांची तहान भागते. खोपोलीचे केंद्र १९१५ चे. त्याचे पाणी पाताळगंगेला जाते. भिऱ्याचे १९२७ चे. मुळशी धरणाचे पाणी त्यातून कुंडलिकेत उतरते. कोलाडला तराफ्यांतून नदीच्या लाटांवर स्वार होण्याचा जो खेळ चालतो, तो सकाळी सोडल्या जाणाऱ्या या पाण्यावरच.

याचा मुक्कामाशी संबंध काय? फार मोठा आहे. विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. मागणी वाढली की चक्रे फिरतात आणि पाणी सुटते. कमी झाली की पाणी ओसरते. म्हणजे आकाशात एक ढग नसताना नदी चढू शकते. ओसरलेल्या पाण्यात गोट्यांचे छान बेट उघडे पडते, त्यावर तंबूला सपाट जागाही असते, मुले म्हणतात इथेच राहू. आणि दोन तासांनी त्या बेटाच्या दोन्ही बाजूंनी पाणी. पेजच्या काठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी जागेबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी हातातली काठी एका दगडावर टेकवून म्हटले, "मास्तर, ह्या दगडाच्या खाली नको. रातचं पाणी चढतं." दगड नदीपासून चांगला वीस पावलांवर होता. त्याच्या अंगावर ओल्या मातीची बारीक रेघ होती. ती मला दिसण्याआधी त्यांना ठाऊक होती.

ही रेघ वाचता आली पाहिजे. काठावर गेल्यावर तंबू सोडण्याआधी पंधरा मिनिटे नुसते हिंडावे. गोट्यांचा रंग पाहावा. नेहमी पाण्याखाली असणारे गोटे काळपट, शेवाळलेले असतात, कधीमधी बुडणारे फिकट. मग झाडांकडे पाहावे. करंजाच्या, उंबराच्या फांद्यांत गवताच्या पेंढ्या, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतात. त्या वाऱ्याने आलेल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत होते याची ती नोंद आहे. पुष्कळदा ही नोंद माणसाच्या डोक्याच्या वर असते, आणि ती पाहून मुले गप्प होतात. तिसरी गोष्ट वळणाची. नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला पाणी जोराने आपटते, काठ खचतो आणि खाली डोह होतो. आतल्या अंगाला वाळू-गोटे साठतात आणि उतार सौम्य असतो. पाण्यात पाय बुडवायचे तर आतल्या अंगाने. मात्र जिथे वाळूचा उपसा झाला आहे तिथे हा नियम लागू नाही. गुडघाभर पाण्यात चालताना एकदम दोन पुरुष खोल खड्डा लागतो. हे फक्त स्थानिक माणूस सांगू शकतो.

पावसाळ्यात तर नदीकाठी मुक्काम करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. उल्हासचे वरचे खोरे घाटाला चिकटून आहे. खंडाळा-माथेरानच्या डोंगरात पाऊस कोसळतो तेव्हा खाली ऊन पडलेले असू शकते. आणि उतार इतका तीव्र की पाणी यायला वेळ लागत नाही. २६ जुलै २००५ चा दिवस कोणी विसरलेले नाही. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि बदलापूर, कल्याण भागांत उल्हासचे पाणी घरांत शिरले. पुढे २०१९ च्या जुलैत, २७ तारखेला, कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान याच नदीच्या पुरात अडकून उभी राहिली, आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. रेल्वेचा रूळ तर भरावावर असतो. मग तंबूची काय कथा? आणि ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे, त्यांत मुले, सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे, धरणे आणि नदीकाठ यांच्याबाबत मनाई हुकूम काढते, त्याचा राग मानण्याचे कारण नाही.

मुक्कामाचे दिवस म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे. भाताची कापणी झालेली असते, झोडणी उरकलेली असते, काठावरची खाचरे कोरडी आणि मोकळी होतात. तंबूला याहून चांगली जागा नाही. पात्रापासून दूर, उंचावर, आणि बांधाचा आडोसा. मात्र कापणीनंतर त्याच ओलीवर वाल पेरलेला असतो. कोवळा वाल नवख्याला गवतच वाटतो आणि कुत्रा त्यात मनसोक्त लोळतो. राजनाल्याखालच्या खाचरांत तर याच दिवसांत पुन्हा लावणीची गडबड असते. म्हणून 'मोकळे दिसते' म्हणजे 'मोकळे आहे' असे धरू नये.

मग विचारायचे कोणाला? नदीचे पात्र सरकारचे असते, पण पात्रालगतची जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. नाही तर ती गायरान असते किंवा वनखात्याची. शेतकऱ्याची असेल तर त्याला विचारावे, गायरान असेल तर ग्रामपंचायतीत, आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवावे. वनखात्याची असेल तर वनरक्षकाची परवानगी हवी, आणि राखीव जंगलात जाळ करता येत नाही. १९२७ च्या वन कायद्यानेच तो गुन्हा आहे. अभयारण्यात तर कुत्रा नेण्याचा विचारही नको. पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य, शहापूरकडचे तानसा, आणि कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत उतरलेले भीमाशंकरचे अभयारण्य, ही आपल्या टप्प्यातली नावे. तिथल्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला तुमचा कुत्रा गुणी आहे हे कळत नाही. बारवी धरणाचा काठही सोडावा. ते औद्योगिक विकास महामंडळाचे धरण असून अनेक शहरे तेथले पाणी पितात.

परवानगी मागताना कुत्र्याची गोष्ट आधीच सांगावी. 'काका, आम्ही पाच माणसे आहोत आणि एक कुत्रा आहे, तो बांधून ठेवू' असे म्हटले की पुढचे सगळे सोपे होते. मागून कळले की माणसाला फसवल्यासारखे वाटते. उलटही घडते. आम्ही आमच्या मोत्याला घेऊन एका विश्रामस्थानी गेलो होतो. दूरध्वनीवर 'कुत्रा चालेल' असे दोनदा सांगितले होते; दारात गेल्यावर मात्र पहारेकऱ्याने मोत्याकडे बघून मान हलवली. कारण काय, तर त्यांना 'चांगल्या जातीचा' कुत्रा चालत होता, गावठी नव्हे! युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारात ज्याच्यासाठी हट्ट धरला त्या कुत्र्याची जात कोणी विचारल्याचे महाभारतात नाही. तेव्हा 'चालेल' या एका शब्दावर समाधान मानू नये. कुत्रा कुठे झोपणार, मोकळा राहू शकतो का, त्या जागेवर आधीच कुत्री आहेत का, आणि त्यांना लस दिलेली आहे का, हे चार प्रश्न विचारावे. उत्तर देताना जो माणूस त्रासतो त्याच्याकडे जाऊ नये.

शेतावर पाहुणे ठेवण्याचा व्यवसाय आता महाराष्ट्रात चांगला रुजला आहे. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाची चळवळ उभी केली, नेरळजवळ सगुणाबाग नावारूपाला आली, आणि २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. नदीकाठी जमीन असलेल्या श्रोत्यांनी याचा विचार करावा. कुत्रा असलेल्या कुटुंबाला फार काही लागत नाही. एक कुंपण घातलेले खाचर, सावलीचे झाड, हातपंपाचे पाणी, आणि 'इथपर्यंत या, पलीकडे नको' असे दाखवणारी चुन्याची रेघ. त्यांना झगमगाट नको असतो. झगमगाटापासून पळूनच ती आलेली असतात.

निवांतपणाविषयी थोडे सांगतो, कारण इथे पुष्कळांची फसगत होते. दुपारी जागा पाहिली, अगदी शांत वाटली, आणि रात्री आगगाडीचे भोंगे आणि दूरच्या शेतघरातला ढोलबाजा कानाशी आला, असे होते. याचे कारण हवेत आहे. दिवसा जमीन तापते. जमिनीलगतची हवा उष्ण आणि वरची थंड असते, त्यामुळे आवाज वर वळतो आणि विरून जातो. रात्री जमीन निवते. मग खालची हवा थंड आणि वरची उबदार होते, आणि आवाज पुन्हा खाली वळून लांबवर पोचतो. नदीच्या पात्रावरून तर तो सहज वाहत येतो. उल्हासच्या काठाने कर्जतचा लोहमार्ग जातो, म्हणून दोहोंमध्ये टेकाड असेल अशीच जागा पाहावी. जागेची परीक्षा रात्री नऊनंतर करावी. शक्य नसेल तर तेथे राहणाऱ्याला विचारावे, की शनिवारी रात्री काय ऐकू येते? शनिवार टाळून मंगळवार-बुधवारी गेले तर तीच जागा निराळी वाटते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक वाजवण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, पण सहलीला जाऊन पोलिसांशी बोलत बसायची हौस कोणाला?

खळाळत्या पाण्याजवळ तंबू लावला तर बाकीचे आवाज झाकले जातात, हे खरे. पण त्याच खळाळात चढत्या पाण्याचा आवाजही झाकला जातो. म्हणून खळाळ ऐकू यावा पण बोलणे बुडू नये इतक्या अंतरावर मुक्काम असावा. आणि आपला कुत्रा भुंकणारा असेल तर निवांतपणा शोधत फिरण्यात अर्थ नाही. आपणच तो मोडणार असतो. तंबूत झोपायची सवय त्याला आधी घरच्या गच्चीवर किंवा अंगणात लावावी.

दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणारे धनगर पाहा. मेंढ्या बसवायच्या त्या उंच, कोरड्या शेतात. बिऱ्हाड एका कडेला. आणि कुत्री वाड्याच्या चौफेर. ही रचना शेकडो वर्षांच्या अनुभवाची आहे. पण एका बाबतीत आपण त्यांचे अनुकरण करू नये. धनगराची कुत्री अनेक असतात आणि रात्र जागवणारी असतात. आपला एकटा, घरात वाढलेला कुत्रा रात्री बाहेर बांधणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सुमारे चाळीस टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आणि बिबट्या काही दूर रानातच असतो असे नाही. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी तो कल्याण पूर्वेत एका इमारतीत शिरला होता. अंधार पडण्यापूर्वी कुत्र्याला फिरवून आणावे आणि रात्री तंबूच्या आत, माणसांमध्ये झोपवावे. उरलेले मटण-मासळी उघड्यावर टाकू नये.

दिवसा त्याला लांब दोरी असावी. गावची गुरे पाण्यावर येतात, शेळ्या येतात, कोंबड्या मोकळ्या असतात. एक कोंबडी मेली तर तिची किंमत देता येते, पण गावाचे मन पुन्हा मिळत नाही. बायका धुणे धुतात किंवा पाणी भरतात त्या ठिकाणी कुत्र्याला उतरवू नये. प्रवाहाच्या खालच्या बाजूला न्यावे. परसाकडे जाण्यासाठी नदीपासून किमान शंभर पावले दूर जाऊन खड्डा करावा, आणि कुत्र्याची घाणही पुरावी. साबण पात्रात नको.

आणि एक गोष्ट मुलांना निघण्याआधीच बजावून सांगावी. कुत्रा पाण्यात वाहू लागला तर त्याच्यामागे कोणी उडी घ्यायची नाही. चार पायांचा प्राणी बहुधा खाली कुठे तरी काठाला लागतो. त्याला वाचवायला गेलेला माणूस मात्र लागत नाही. काठाने धावत पुढे जावे, हाक मारावी, दोर टाकावा. खडवलीला भातसा नदीत दर वर्षी माणसे बुडतात, त्यांतले कित्येक चांगले पोहणारे असतात. तेथेही वरच्या धरणातून मुंबईसाठी पाणी सुटते, म्हणून नदी बारमाही आणि ओढ फसवी. मोठ्यांपैकी एकाने पाण्याकाठी फक्त पहारा करावा. हातात काही नको, पत्ते नकोत, दूरध्वनी नको.

लसीचे सांगायला हवे. कुत्र्याला पिसाळीची लस वेळेवर दिलेली असावी आणि त्याचा दाखला बरोबर असावा. गावची कुत्री आपल्या कुत्र्याशी भांडतात आणि सोडवायला गेलेल्याला चावतात. चावलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पाश्चरने १८८५ साली एका पोराला ही लस टोचून वाचवले. तेव्हापासून या रोगाने मरण्याचे कारण उरलेले नाही. पण लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नाहीच. काठच्या गवतात घोणस आणि फुरसे असते, म्हणून रात्री बत्तीशिवाय पाऊल टाकू नये. सापाने दंश केलाच तर तो भाग हलू न देता थेट रुग्णालय गाठावे, आवळपट्टी बांधू नये. सकाळी जोडे झाडून घालावे. विंचवाची भीती आमच्या कोकणात पूर्वी फार होती; महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कितीतरी जीव वाचवले. तरी जोडे झाडावेच.

उन्हाचे भान ठेवावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो तीच त्याची घाम गाळण्याची रीत. दुपारी गोटे तापतात, त्याचे तळवे भाजतात. आपल्या हाताचा पंजा दगडावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्यालाही तेथे चालवू नये. बंद मोटारीत त्याला ठेवून 'पाच मिनिटांत येतो' म्हणणे फार धोक्याचे. उन्हात मोटारीच्या आतली हवा दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी तापते.

घरी परतल्यावर, गादीवर चढू देण्यापूर्वी, त्याच्या अंगावरून उलट्या केसांनी हात फिरवावा. कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचीड असते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, चिरडू नये. रॉकेल लावू नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याला ताप आला, अन्न सोडले किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर पशुवैद्याकडे न्यावे आणि तो नदीकाठी राहून आला होता हे आठवणीने सांगावे. घरातल्या कोणाला ताप आला आणि अंगदुखी, डोळे लाल असे झाले, तर आपल्या डॉक्टरांनाही हेच सांगावे. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो, आणि वेळीच कळला तर साध्या औषधांनी बरा होतो.